अकरा वाजताची स्टाउट

...नाही, तुम्हीच सांगा, सकाळचे अकरा ही काय बियर प्यायची वेळ झाली? अकरा हो! सकाळचे! अकरा वाजता माणूस भाजी चिरतो, कपडे वाळत घालतो, बँकेत टोकन घेऊन बसतो... आणि मी कुठे? जावयाच्या शेडमध्ये! पायात दोन नंबर मोठे रबरी बूट, डोक्यावर आंघोळीला घालतात तसली प्लास्टिकची टोपी, हातात काळ्याकुट्ट बियरचा ग्लास, आणि समोर कोण? विहीणबाई! म्हणजे सकाळी अकरा वाजता, उपाशीपोटी, विहीणबाईंच्या समोर! आयुष्याची अठ्ठावन्न वर्षं मी खोकल्याचं औषधसुद्धा अर्धा चमचाच घेतलं, का, तर त्यात म्हणे काहीतरी असतं. आणि आता थेट ग्लास!

मी जावयाला म्हटलं, अहो, निदान संध्याकाळी तरी ठेवा. तर तो काय म्हणतो, "आई, सकाळी जीभ ताजी असते. चहा नाही, नाश्ता नाही, दातसुद्धा पेस्टनं घासायचे नाहीत. नुसत्या पाण्यानं." आता बोला! न घासलेल्या दातांनी मी चारचौघांत बियर प्यायची! आणि हा जावई तसा गुणाचा हो, तक्रार नाही माझी. चांगली इंजिनियरची नोकरी सोडली आणि शेड घेऊन बियर बनवायला लागला, तेव्हा मुलीला मी म्हटलं होतं, बघ बाई. ती म्हणाली, "आई, तू केक बनवतेस, तो बियर बनवतो, दोघांनाही पीठ फुगवायचंच काम."

हां, हे सांगायचं राहिलंच. मी केकवाली. म्हणजे दुकान माझं नाही, मालकांचं. पण सव्वीस वर्षं झाली, त्या दुकानातला एकही केक माझ्या तोंडाला लागल्याशिवाय काउंटरवर गेलेला नाही. भट्टीतून ट्रे आला की पहिला तुकडा माझा. वास घ्यायचा, चाखायचा, मान हलवायची. मान उभी हलली तर केक पुढे, आडवी हलली तर केक मागे. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्याकडे मशीन नाही, ताई आहेत." एवढा मान! आणि त्या सकाळच्या आठ महिने आधी काय झालं माहितीये?

माझा वास गेला.

म्हणजे साधी सर्दी, तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी मी उठून कामावर. भट्टी उघडली... आणि काहीच नाही! समोर चॉकलेटचा केक वाफाळतोय आणि मी जणू टीव्हीवर बघतेय. म्हटलं नाक चोंदलं असेल. आठवडा गेला, महिना गेला. गुपचूप डॉक्टरकडे गेले, ते म्हणाले, "येईल हळूहळू, कुणाला सहा महिने लागतात, कुणाला दोन वर्षं, कुणाला..." आणि पेनचं टोपण लावलं. तुम्हाला सांगते, मी त्या दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. अहो, सव्वीस वर्षं नाकावर पोट भरलेली बाई मी, आता मालकांना काय सांगू? मालक माणूस चांगला, पण त्यांच्या भाचीनं नुकताच केकचा कोर्स केलाय, तिच्याकडे प्रमाणपत्र आहे आणि माझ्याकडे होतं फक्त नाक!

मग मी काय केलं? कुणाला सांगितलंच नाही! मुलीला नाही, ह्यांना नाही, कुणालाच नाही. व्हॅनिलाच्या बाटलीला लाल दोरा बांधला, बदामाच्या बाटलीला पांढरा. भट्टीची वेळ घड्याळावर, केक शिजला की नाही ते बोटानं दाबून. आणि वासाचं? वासाचं मी एक तंत्र काढलं. आमचे भट्टीवाले काका आहेत, चाळीस वर्षं त्या भट्टीपुढे उभे. ट्रे निघाला की मी नाक पुढे करायचे, डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, "काका, तुम्हाला कसा वाटतो?" काका म्हणायचे, "झकास!" मी म्हणायचे, "मलाही तेच वाटलं." झालं! आठ महिने हे नाटक बिनबोभाट चाललं होतं.

पण बिनबोभाट चालू देतील त्या आमच्या विहीणबाई कसल्या! जावयाची आई हो. आता त्यांच्याबद्दल मी काय सांगू... त्यांना सगळ्याचा वास येतो. सगळ्याचा म्हणजे सगळ्याचा! नऊ वर्षांपूर्वी बोलणी करायला आल्या, उंबऱ्यात पाऊल ठेवलं आणि पहिलं वाक्य काय, "तुमच्याकडे दूध उतू गेलंय वाटतं... काल." काल! काल गेलेलं दूध! कपाट उघडलं की म्हणणार, "ह्या साड्या ओल्या घड्या केल्यात." फ्रिज उघडला की, "मागच्या कोपऱ्यात काकडी आहे एक, बघा." बघावं तर असतेच! आणि दोन महिन्यांपूर्वी दुपारी आल्या, मी मजेत शेंगा सोलत बसलेली, आणि ह्या दारातूनच ओरडल्या, "अहो, गॅस! गॅस सुटलाय! तुम्हाला वास येत नाही?" मी म्हटलं, "हो हो, उठतच होते." पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं... असं... की माझं पाणी पाणी झालं. त्या दिवसापासून त्यांचा डोळा माझ्या नाकावर.

आता बघा, ही बाई समोर, आणि मला बोलावलंय कशाला, तर वास घ्यायला! सकाळी अकरा वाजता, उपाशीपोटी, विहीणबाईंच्या समोर!

तुम्ही म्हणाल, मग गेलातच कशाला? अहो, नाही कशी म्हणणार? जावयानं ती स्टाउट बनवली होती माझ्या केकवरून! स्टाउट म्हणजे काळी, दाट बियर, खरपूस भाजलेल्या धान्याची. ती एरवी कडू असते म्हणे. पण ह्याला करायची होती गोड, जेवणानंतर पुडिंगऐवजी प्यावी अशी. त्यात कोको घातला, कॉफी घातली, व्हॅनिलाच्या शेंगा घातल्या, दुधाची साखर घातली, का, तर ती यीस्टला पचत नाही म्हणून गोडवा तसाच राहतो. आणि हे सगळं कुठल्या हिशेबानं? मुलीच्या वहीत माझा चॉकलेट केक लिहिलेला आहे, त्या हिशेबानं! आमच्या मालकांना ही गोष्ट कळली आणि ते हरखले. म्हणाले, "दुकानात नवा काउंटर टाकू, ताईंचा केक आणि सोबत ताईंच्या केकची बियर! पण आधी ताई काय म्हणतात ते बघू." म्हणजे मालकही येणार! सगळं माझ्या मानेवर, उभी की आडवी! आणि जावई बिचारा सहा महिने झोपला नव्हता. सहा वेळा बनवली, सहाही वेळा काहीतरी कमी. काय कमी ते कळेना, म्हणून दर वेळी व्हॅनिला वाढवायचा, मग कोको वाढवायचा, मग परत व्हॅनिला. ही सातवी. म्हणाला, "आई, ही नाही जमली तर शेड बंद." आता ह्यावर मी "मला बरं नाही" कसं म्हणू?

तर शेड. बाहेरून गोडाऊन, आत स्टीलच्या चार टाक्या, माझ्या डोक्याच्या वर दोन हात, फरशी ओली, पाईपच पाईप. मधोमध टेबल, त्यावर छोटे छोटे ग्लास, सुका पाव, पाणी, आणि प्रत्येकाच्या पुढे एक कागद. कागदावर काय, तर रंग, फेस, वास एक, वास दोन, वास तीन, चव, आणि शेवटी "एकूण भावना". तीन वास! मला एकाची मारामार, आणि ह्यांनी तीन रकाने आखलेले! माझ्या डाव्या हाताला मालक, पलीकडे भट्टीवाले काका, त्यांना केकचा खोका उचलायला आणलेलं. उजवीकडे एक परीक्षक. त्यांचं नाव सांगितलं होतं मला, पण दाढीच एवढी होती की मी मनातल्या मनात दाढीवालेच म्हणत होते. बियरच्या स्पर्धांना नंबर देतात म्हणे ते. आणि समोर, बरोब्बर समोर, विहीणबाई. त्या पिणार नव्हत्या. त्या नुसत्या बघायला आल्या होत्या. काय बघायला, ते मला माहीत होतं!

पण मी तयारीनं गेले होते बरं का. माझं तंत्र होतं ना! म्हटलं, आधी दाढीवाल्यांना बोलू दे, मग मान हलवून म्हणू, मलाही तेच वाटलं. आणि तुम्हाला खरं सांगते, मी इकडेतिकडे बघितलं तर सगळ्यांचं तेच चाललेलं! मालक काकांकडे बघतायत, काका माझ्याकडे, मी दाढीवाल्यांकडे... ग्लास कुणीच उचलेना! आणि तेवढ्यात आमचा जावई, कौतुकानं फुललेला, काय म्हणतो, "आज पहिला ग्लास आईंचा! आईंच्या नाकाला तोड नाही!"

नाकाला तोड नाही! नाकच नाही रे बाबा!

उचलला ग्लास. काय करते! दाढीवाले म्हणाले, "आधी गोल फिरवा." फिरवला. अर्धी मालकांच्या बाहीवर. "आता नाक आत घाला." घातलं. फेस नाकात. डोळे मिटले, भुवया वर केल्या, भुवया खाली केल्या, "हंऽऽ" केलं. जेवढं येत होतं तेवढं सगळं केलं.

दाढीवाले हळूच विचारतात, "काय मिळतंय?"

मी म्हटलं, "चांगलं मिळतंय."

"म्हणजे चॉकलेट? व्हॅनिला? की मागून थोडी मनुका?"

"तिन्ही."

"आणि त्यात वरचढ कोण?"

"वरचढ असं कुणी नाही हो... मिळूनमिसळून आहेत."

दाढीवाल्यांनी लिहून घेतलं! खरंच लिहून घेतलं, "मिळूनमिसळून"! माझ्या जीवात जीव आला, म्हटलं सुटले. बाकीच्यांनीही मग ग्लास उचलून नाकं आत घातली. आणि तेवढ्यात समोरून, शांतपणे, पदर सावरत, "विहीणबाई... ह्या खोलीत आत्ता कसला वास येतोय हो?"

गेले! मेले! मी म्हटलं, "कसला?" त्या म्हणतात, "तुम्हीच सांगा ना. तुमच्या नाकाला तोड नाही." आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. मालकसुद्धा. मला ना त्या क्षणी ती भाची दिसली, माझ्या खुर्चीत बसलेली, माझा पहिला तुकडा खाताना! म्हटलं, काहीतरी ठोकून द्यावं... साबण म्हणावं? फिनेल? ओली फरशी? मी "सा..." एवढं म्हणतेय तोच जावई ओरडला, "अरे पाईप! पाईप!" कोपऱ्यात शेगडीवर रबरी पाईपचं टोक पडलेलं आणि ते जळत होतं! सगळ्यांची नाकं ग्लासात, कुणाला पत्ता नाही, फक्त विहीणबाईंना! पळापळ, पाणी ओता, शेगडी बंद करा... आणि मी आपलं शांतपणे म्हटलं, "मी तेच सांगणार होते." विहीणबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. गॅसच्या दिवशी बघितलं होतं तस्सं.

म्हटलं, आता ह्या बाईच्या पुढच्या प्रश्नाआधी पिऊन टाकावं. निदान तोंड तरी गुंतेल! आणि मी पहिला घोट घेतला.

आता नीट ऐका हं. इथे गंमत आहे.

बाकीचे सगळे त्या वासात बुडालेले होते. व्हॅनिला काय, कॉफी काय, मनुका काय, नाकातूनच त्यांची पोटं भरलेली. मला ह्यातलं काहीच नाही. मला मिळाली फक्त जीभ. गार लागली. दाट लागली, साईसारखी. बुडबुडे चावले. आणि गोड. छान गोड... आणखी गोड... अजून गोडच... आणि मग? मग काहीच नाही! गोड आलं, जिभेवर बसलं, आणि उठायचं नाव नाही. दुपारी आलेले पाहुणे चहा झाला तरी हलत नाहीत, तसं. आणि मला एकदम, अगदी लख्ख आठवलं, ही चव मी ओळखते! कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यात माझा एक अख्खा ट्रे मालकांच्या वडिलांनी मागे पाठवला होता. सगळं बरोबर, रंग बरोबर, फुगलेला बरोबर, आणि चव ही अशी. बसकी! मी काय विसरले होते तेव्हा?

मी ग्लास खाली ठेवला आणि म्हटलं, "मीठ आणा."

जावई म्हणाला, "आई?" मालक म्हणाले, "ताई, उपाशीपोटी चढली का?" दाढीवाले हसले हो! दाढीतल्या दाढीत हसले! म्हणाले, "ताई, ही गोड स्टाउट आहे, सूप नव्हे." मी म्हटलं, हसा, पण मीठ आणा. आता शेडमध्ये मीठ कुठलं? ते काकांच्या डब्यात निघालं, काकडीबरोबर खायला आणलेलं, कागदाच्या पुडीत. घेतली चिमूट. टाकली दाढीवाल्यांच्या ग्लासात. आणि काय सांगू तुम्हाला! फेस! फसफसून वर आला, काठावरून खाली, टेबलावर, कागदावर, "वास एक, वास दोन, वास तीन" सगळं वाहून गेलं, आणि दाढीवाल्यांच्या पांढऱ्या शर्टावर हा एवढा डाग! अहो, मला काय माहीत बियरमध्ये मीठ टाकलं की ती अशी उसळते? मला वाटलं, संपलं, नाक गेलं, नोकरी गेली, आता जावईही गेला!

दाढीवाले शर्टाकडे बघतायत. ग्लासात उरले होते चार घोट. काय वाटलं त्यांना कुणास ठाऊक, उचलला आणि प्यायले.

आणि थांबले.

परत प्यायले. मग सुका पाव खाल्ला, पाणी प्यायले, परत प्यायले. आणि ते दाढीवाले, ज्यांनी तोवर "अंतिम टप्प्यात मखमली गडदपणा" असलं काहीतरी बोलायचं व्रत घेतलं होतं, ते काय म्हणाले असतील? म्हणाले, "अरे, हा तर केक आहे!"

झालं की हो! मग काय, सगळे ग्लास पुढे! मालकांच्या ग्लासात चिमूट, काकांच्या ग्लासात चिमूट, जावयाच्या ग्लासात मी स्वतः धरून चिमूट टाकली. फेस इकडून, फेस तिकडून! जावयानं घोट घेतला आणि तो ओल्या फरशीवर मटकन खालीच बसला. म्हणाला, "सहा महिने, आई! सहा महिने मी व्हॅनिला वाढवतोय! पण वहीत तर मीठ नव्हतंच!"

मी म्हटलं, वहीत कसं असेल? मी सांगत होते आणि मुलगी लिहीत होती. मीठ काय सांगायचं असतं? गोडात चिमूटभर मीठ पडतंच! हात आपोआप जातो! "भांडं घ्या" असं लिहितं का कुणी? "उभे राहा" असं लिहितं का? आणि हा इंजिनियर, ह्यानं वही घेतली ती अशी ग्रॅममध्ये, मिलिलिटरमध्ये, रेषेबाहेर एक कण नाही. माझी चूक म्हणा, त्याची म्हणा, सहा टाक्या गटारात गेल्या त्या माझ्या हाताच्या सवयीपायी. पण सातवी? सातवी तरली! दाढीवाल्यांनी नवीन कागद मागवला आणि चवीच्या रकान्यात पैकीच्या पैकी दिले, आणि "एकूण भावना" ह्याच्यापुढे लिहिलं, "शर्टाचं दुःख नाही." मी वाचलं स्वतः!

तोवर माझी तिसरी झाली होती बरं का. म्हणजे छोटे ग्लास, पण तिसरा. आणि कुणीतरी मागाहून सांगितलं, ह्या स्टाउटचा जोर साध्या बियरच्या दुप्पट! सकाळी अकरा वाजता, उपाशीपोटी... आता तर मला विहीणबाई दोन दिसायला लागल्या होत्या. आणि अशात दाढीवाले हात जोडून विचारतात, "ताई, एक सांगा. आम्ही सगळे त्या सुगंधात वाहवत गेलो. तुम्ही कशा नाही वाहवलात?"

आणि मी सांगितलं हो! तोंडातून निघूनच गेलं! म्हटलं, "वाहवायला वास यायला तर पाहिजे! मला आठ महिने कशाचाही वास येत नाही! केकचा नाही, गॅसचा नाही, तुमच्या त्या पाईपचाही नाही!"

म्हटलं आणि भानावर आले. असं गार पडले म्हणून सांगू... मालकांचा चेहरा पांढराफटक. "आठ महिने? ताई, मग आठ महिने आपल्या केकचा वास कोण घेतंय?" मला रडू कोसळलं. रडत रडतच मी बोट दाखवलं, "काका." मालक काकांकडे वळले. काका ग्लास खाली ठेवून उभे राहिले. टोपी काढली. ती प्लास्टिकची. म्हणाले, "मालक, आता ताईंनी सांगितलंच आहे तर... माझं नाक भट्टीनं कधीच खाल्लं. अकरा वर्षं झाली. ताई विचारायच्या, काका कसा वाटतो. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचो. ताई खूश दिसल्या की म्हणायचो, झकास."

आता तुम्हीच विचार करा! मी काकांच्या भरवशावर, काका माझ्या तोंडाच्या भरवशावर, आणि मी तोंड खूश करत होते ते काका खूश व्हावेत म्हणून! आठ महिने त्या दुकानात केकला कुणीही, कुणीही हुंगलेलं नाही!

मालक एका पोत्यावर बसले. मग म्हणाले, "आणि तक्रार? आठ महिन्यांत एकही तक्रार?" मी डोळे पुसले. म्हटलं, "एक आली. रिबिनीच्या रंगाची." तेव्हा मालक हसायला लागले. आधी थोडंसं, मग पोट धरून, ग्लास सांडेपर्यंत. म्हणाले, "ताई, जिच्या नुसत्या जिभेत एवढं आहे, तिला मी खुर्चीवरून उठवू? भाची बसेल काउंटरवर. चाखायला तुम्हीच!" जावयानं मला उचलली हो! अख्खी उचलली, त्या बुटांसकट! एक बूट तिथेच राहिला. आठ महिन्यांचं ओझं उतरलं, मी मोठ्यांदा हसले, आणि असं वाटलं की अख्ख्या शेडला ओरडून सांगावं, मी जिंकले!

म्हणायला हवं होतं तेव्हाच "चला, निघते". पण मालकांना शंका आली. म्हणाले, "जीभ झाली. पण वासाला कुणीतरी हवंच की. गॅस, जळकं, खवट लोणी... कोण घेणार?" सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. आणि समोरून, शांतपणे, पदर सावरत आवाज आला, "तुमच्या खोक्यातल्या केकला डावीकडून फ्रिजमधल्या कांद्याचा वास लागलाय."

खोका उघडला. दाढीवाल्यांनी वाकून हुंगलं. डावीकडून. कांदा.

मालकांनी जागच्या जागी नेमलं त्यांना! त्रेसष्टाव्या वर्षी पहिली नोकरी! नवीन पर्स घेतली, नवीन चपला घेतल्या, सहालाच उठतात म्हणे, जावई सांगत होता. रोज सकाळी दहा वाजता माझ्या शेजारच्या खुर्चीत त्या. ट्रे आला की आधी त्यांचं नाक, मग माझी जीभ. मी मान हलवायच्या आत त्या म्हणतात, "थांबा." रोज! आणि स्टाउट? नवीन काउंटरवर धडाक्यात चाललीये. मिठासकट.

आणि गेल्या मंगळवारी... कुणाला सांगू नका हं. गेल्या मंगळवारी काकांनी ट्रे काढला आणि माझ्या नाकात काहीतरी हललं. आधी वाटलं भास आहे. मग आलं. लोणी आलं, कोको आला, मागून व्हॅनिला आला, सगळा केक आला हो, अख्खा! डोळ्यांत पाणी उभं राहिलं माझ्या. आणि कडेनं किंचित करपल्याचा वाससुद्धा आला, तोच विहीणबाई म्हणाल्या, "कडेला करपलाय." अगदी बरोबर बोलल्या! मी तोंड उघडलं, सांगणार होते... आणि त्यांच्या त्या नव्या पर्सकडे लक्ष गेलं. मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. आता मला वास येतो म्हटलं तर त्यांची खुर्ची जाणार. आणि त्या गेल्या तर दिवसभर मी भांडू कुणाशी, काकांशी? मी म्हटलं, "करपलाय का? मला बाई काही कळत नाही."

म्हणजे आठ महिने वास येत नाही हे लपवलं, आणि आता येतो हे लपवायचं! आणि तेही कुणापासून? शेजारीच बसलेल्या त्या बाईपासून, जिला काल उतू गेलेल्या दुधाचा वास आज येतो! परवाच माझ्याकडे बघत होत्या... तस्सं. किती दिवस टिकणार मी, तुम्हीच सांगा.